नीट सर्वांना एकच, तयारी मात्र ऐपतीप्रमाणे



वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला, की क्लासच्या पानभर जाहिराती येतात, टॉपरचे सत्कार होतात. त्या मुलांच्या कष्टांबद्दल शंका नाही. परंतु त्यांच्यापैकी कितीजण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आले, कितीजणांनी क्लास न लावता हे यश मिळवले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आलो. सरकारने हा हिशेब मांडावा आणि त्यावर उपाय करावा, यासाठी हे पत्र.

२०१७ पासून महाराष्ट्रातील एमबीबीएसचे प्रवेश नीटवरच होतात. तीन तास, १८० प्रश्न, ७२० गुण. बारावीला खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून ५० टक्के पडले की पुरे. त्यावरचे गुण गुणवत्ता यादीत धरलेच जात नाहीत. याचा परिणाम वर्गात दिसतो. ऐपत असलेली मुले कॉलेजच्या हजेरीपटावर असतात आणि दिवसभर लातूरच्या क्लासमध्ये. ती थेट प्रात्यक्षिक परीक्षेलाच येतात. मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकी सरकवून गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर आणणे त्यांतली अनेकजण त्या दिवशी प्रथमच करतात. जर्नल मात्र सह्यांसकट पूर्ण असते. मागे राहतात ती गावातली मुले. त्यांच्यासाठी कॉलेज हाच क्लास. तिथे निम्मे बाक रिकामे, काही विषयांना शिक्षक तासिका तत्त्वावर, तेही सत्राच्या मध्यावर आलेले.

दुसरा फरक ‘रिपीट’चा. थोड्या गुणांनी हुकलेला मुलगा वर्षभर ड्रॉप घेतो, कारण खोलीभाडे, मेस आणि क्लासची फी वडील पुन्हा भरू शकतात. तितकेच गुण मिळवलेली ऊसतोड कामगाराची मुलगी बी.एस्सी.ला जाते, नाहीतर तिचे लग्न ठरते. पुढच्या वर्षी यादीत तो मुलगा वर असतो. ही तुलना गुणवत्तेची म्हणायची, की दोन घरांच्या ऐपतीची?

परीक्षा रद्द करा, असे माझे म्हणणे नाही. केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश द्यायचे, तर कॉपी कुठे कशी चालते हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. सर्वांना समान प्रश्नपत्रिका हवीच. पण प्रश्नपत्रिका समान झाली म्हणजे संधीही समान झाली, हा समज सोडला पाहिजे.

तामिळनाडूने यावर मार्ग काढला. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट उत्तीर्ण झालेल्यांसाठी त्या राज्याने २०२० मध्ये कायद्याने ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. एमबीबीएस व बीडीएस मिळून चारशेच्या आसपास जागा पहिल्याच वर्षी या मुलांसाठी खुल्या झाल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा कायदा वैध ठरवला.

आपल्याकडे मात्र त्याची नक्कल चालणार नाही. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा फार तर सातवी-आठवीपर्यंत असतात. पुढे मुले खासगी अनुदानित शाळेत जातात. तामिळनाडूची अट जशीच्या तशी लावली, तर खरे हक्कदारच बाहेर राहतील. म्हणून पहिली ते सातवी जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा आश्रमशाळेत आणि पुढे बारावीपर्यंत सरकारी वा अनुदानित संस्थेत शिकलेल्यांना प्रत्येक प्रवर्गात समांतर आरक्षण द्यावे. वर्गात न बसता क्लासला जाणाऱ्यांनी त्याचा फायदा घेऊ नये, यासाठी कनिष्ठ महाविद्यालयातील हजेरीची कडक पडताळणी करावी.

यामुळे गुणवत्ता घसरेल, असा आक्षेप येईल. पण ही मुलेही नीट उत्तीर्ण झालेली असतील आणि एमबीबीएसच्या त्याच परीक्षा देऊन डॉक्टर होतील. सवलत फक्त प्रवेशाच्या दारापाशी आहे.

प्रवेश राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाने यंदाच्या प्रवेश अर्जातच शाळेची माहिती घ्यावी आणि प्रवेश संपताच आकडेवारी जाहीर करावी. ती समोर ठेवून सरकारने विधेयक आणावे. डॉक्टर होण्याची कुवत असलेली मुले आमच्या वर्गांत आजही बसली आहेत. त्यांच्या वाट्याच्या जागा कायद्यानेच राखल्या पाहिजेत.

— कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक, जि. बीड