ठणका थांबला, म्हणजे विंचू उतरला का?

भात कापून भारे खळ्यावर आले, की शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांत विंचवाचे दिवस येतात. पेंढा ओढताना, लाकूडफाटा काढताना, न झटकता वहाण घालताना नांगी बसते. मग भगत येतो, राख फुंकतो. दोन-तीन तासांत ठणका उतरतो आणि भगताचे नाव होते. भगिनींनो, आज आम्ही लिहीत आहोत ते या उतरणाऱ्या ठणक्याविषयीच.

हात उचलणे आपल्या मर्जीवर असते. काळजाचे ठोके, घाम, लाळ, रक्तदाब मात्र आपल्याला विचारून चालत नाहीत. ते सांभाळणाऱ्या नसांच्या जाळ्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. लाल विंचवाचे विष हे जाळेच भडकवते. उलटी होते, लाळ गळते, दरदरून घाम सुटतो. मग हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, पुढे हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरून श्वास कोंडतो. (लोक भितात मोठ्या काळ्या विंचवाला, जीव घेतो तो बहुधा हा लहान लाल.)

ज्याला नुसताच असह्य ठणका आहे तो बहुधा वाचतो, भगत असो वा नसो. ज्याला ठणका फारसा नाही, पण अंग घामाने भिजले आणि हात गार पडले, तो खरा धोक्यात. मूल रडायचे थांबले म्हणून आई निश्चिंत होते, आणि नेमकी तीच वेळ हातची जाते.

हे ज्ञान आपल्याच कोकणातले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी एकेक लक्षण टिपले. 1982 मध्ये ते निरीक्षण ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी या विषावर वापरली. तेही 1986 साली तिथेच प्रसिद्ध झाले. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शेकडा 30 च्या आसपास दगावत. ते प्रमाण पुढे शेकडा 4 च्याही खाली आले. गोळीबरोबर विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी 2011 मध्ये दाखवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मते ती फार उशिरा मिळाली.

ही गोळी डॉक्टरांनीच द्यायची, घरी नव्हे. ती दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे. मूल रडले तरी उचलून खांद्यावर घेऊ नये. रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. पण रात्री पाड्यावरून गाडी मिळणे सोपे नसते, म्हणून जवळच्या आरोग्य केंद्राचे महत्त्व मोठे. महिला मंडळाच्या चौघीजणींनी सुगीआधी तिथे जाऊन विचारावे : प्राझोसिन आहे का, किती गोळ्या आहेत, आणि रात्री कपाटाची चावी कोणाकडे असते?