पनवेलचा बाजार कुणाच्या जिवावर?

शेतकरी बंधूंनो, करंजाड्याहून पनवेलच्या जुन्या बाजारात तुम्ही कशाला जाता, हे जरा आठवून बघा. बापजाद्यांच्या वेळी उत्तर सोपं होतं. भात, पेंढा, भाजी विकायला जायचं आणि येताना बियाणं, कापड, आगोटीचे सुके बोंबील घेऊन यायचं. आता शेत गेलं, भूखंड आला. म्हणून बाजाराशी आपला संबंध संपला, असं पोरंबाळं म्हणू लागली आहेत. हे काही खरं नाही.

पनवेलला बरकत आली ती खाडीमुळे आणि घाटरस्त्यामुळे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलला उतरायचा आणि गलबतांनी मुंबईला जायचा. १८५२ साली इथे नगरपालिकाही आली. पुढे १८६३ मध्ये घाटातली रेल्वे पुरी झाली आणि देशावरचा माल पनवेलला वळसा घालून परस्पर मुंबईला जाऊ लागला. बाजार तेव्हाच बसायचा. पण आसपासच्या खेड्यांनी तो बसू दिला नाही. भात, मीठ, लाकूड इथंच येत राहिलं. बैलगाडीच्या चाकांसाठी तर पनवेलचं नाव जुन्या गॅझेटियरात आहे. ती चाकं घेणारा शेतकरीच होता ना?

१९७० मध्ये सिडको आली. जमिनी गेल्या. १९८४ च्या आंदोलनात माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची योजना पदरात पडली. विमानतळग्रस्तांना पुढे साडेबावीस टक्के मिळाले. करंजाडे, वडघर भागात आज इमारती दिसतात त्या त्यातूनच उभ्या आहेत. भाड्याचा पैसा घरात येतो, चांगली गोष्ट आहे. पण तो पैसा मॉलमध्ये गेला की आपल्या मुलखात फिरत नाही. जुन्या बाजारातल्या दुकानदाराकडे गेला तर निदान हमाल, टेम्पोवाला, शिंपी यांच्या हाती लागतो. अडल्यानडल्याला तो वहीत उधारी मांडतो. मॉलमध्ये मागून बघा!

आणि ज्यांची शेती अजून शिल्लक आहे, त्यांचं काय? माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवरची बाई पावसाळ्यात टाकळा, शेवळं, कंटोळी घेऊन पहाटे निघते. तिचा माल दोन टोपल्यांचा. मार्केट यार्डात तो कोण मोजणार? तिला जुन्या बाजारातली वर्दळच लागते. दुपारपर्यंत माल संपला, रोख पैसा हाती आला, तरच तिचा दिवस भरला. भाजीपाला नियमनमुक्त होऊन २०१६ पासून काळ लोटला, पण बसायला चार फूट जागा नसेल तर ती मुक्ती काय कामाची?

बाजारात गर्दी होते, गाडी निघत नाही, ही तक्रार आम्हालाही मान्य आहे. रस्ता मोकळा हवाच. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी विक्रेत्यांची पाहणी करा, प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला उठवू नका. हंगामी माल आणणाऱ्या शेतकरी बायकांची नावं या पाहणीत सुटतात, कारण त्या वर्षाचे चारच महिने दिसतात. महापालिकेने पाहणी पावसाळ्यात करावी. दुकानदार मंडळींनीही दारातल्या टोपलीवर डोळे वटारू नयेत. टोपलीकडे आलेलं गिऱ्हाईकच मग दुकानाची पायरी चढतं.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना वेगळं सांगणं आहे. करंजाड्यासारख्या वसाहतींत हजारो बिऱ्हाडं आली. त्यांना ताजी भाजी हवी, आणि ती पिकवणारी गावं हाकेच्या अंतरावर आहेत. आठवडी बाजार भरवणं आणि त्याची फी घेणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे. जागा मात्र सिडकोकडे मागावी लागेल आणि ती तोंडी मागून मिळत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात जागा, वार आणि फी स्पष्ट लिहा. शेतकऱ्याच्या टोपलीला फी माफ ठेवा, व्यापाऱ्याच्या टेम्पोला लावा. आणि ओट्याशेजारी पाण्याचा नळ व बायकांसाठी शौचालय, हे दोन मुद्दे ठरावात घालायला विसरू नका.