न हलणारा पाया

गणिताचे पान छापणे हा मुद्रकाच्या दृष्टीने फार काळ तोट्याचा सौदा होता. कथेचे पान जुळवताना खिळे एका ओळीत बसत जातात. गणिताच्या पानावर मात्र अक्षराच्या डोक्यावर बारीक घातांक, पायाशी तसाच बारीक निर्देशांक, मध्ये अपूर्णांकाची रेघ आणि कडेला दोन ओळी उंचीचा कंस, असा सारा दुमजली-तिमजली संसार असतो. मोनोटाइप यंत्राने ओतलेले खिळे घेऊन कुशल जुळारी तो हाताने मांडीत. अशा मजकुराला छापखाने जादा दर लावीत आणि तो दर रास्तच होता.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांचा ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा ग्रंथ याच रीतीने छापला गेला. योजना सात खंडांची होती. पैकी पहिले तीन १९६८, १९६९ आणि १९७३ या वर्षांत निघाले. १९७७ च्या मार्चमध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे त्यांच्या हाती आली. एव्हाना शिशाच्या खिळ्यांचे दिवस सरत आले होते आणि जुळणी छायाचित्रणाच्या पद्धतीने झाली होती. अक्षरांचे वळण व त्यांमधील अंतरे पहिल्या आवृत्तीच्या तोडीची नव्हती. कनूथ खट्टू झाले. मात्र त्याच्या थोडेच दिवस आधी संगणकाने ठिपक्याठिपक्यांनी उमटवलेले एक पुस्तक त्यांच्या पाहण्यात आले होते. अक्षर म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी असेल, तर कोणता ठिपका काळा ठेवायचा हे ठरवणे हे संगणकशास्त्रज्ञाचेच काम, हे त्यांनी ओळखले. त्यांनी हातातला ग्रंथ बाजूला ठेवला आणि जुळणीची आज्ञावली लिहावयास घेतली. रजेच्या एका वर्षात काम उरकेल, असा त्यांचा अंदाज होता.

या आज्ञावलीचे नाव टेक. ग्रीक भाषेतील टाउ, एप्सिलॉन आणि काय या तीन अक्षरांचे हे नाव कला व कारागिरी या अर्थाच्या शब्दावरून घेतले आहे. मराठीत टेक म्हणजे धरलेला निग्रह; योगायोगाने तोही अर्थ येथे लागू पडतो.

टेकचे खरे बळ मॅक्रोमध्ये आहे. मॅक्रो म्हणजे लांबलचक सूचनेला दिलेले आटोपशीर नाव. जुन्या गिऱ्हाइकाची मागणी आली की शेठजी मुनिमाला ‘नेहमीप्रमाणे’ एवढेच सांगतात. माल कोणता, बांधणी कशी, वाहतूक कोणाकडून, उधारीची मुदत किती, हे सारे त्या एका शब्दात येते. मॅक्रोचे काम असेच चालते. लेखाच्या आरंभी नावाची व्याख्या एकदा करावयाची आणि पुढे उलट तिरप्या रेघेनंतर ते नाव लिहावयाचे. व्याख्येत नऊपर्यंत रिकाम्या जागा ठेवता येतात. त्या दर वेळी वेगळ्या मजकुराने भरता येतात.

चाळीस पानांचा एक शोधनिबंध घ्यावा. त्यात चुंबकीय क्षेत्राचे चिन्ह दोनशे ठिकाणी ठळक अक्षरात आले आहे. नियतकालिकाचा आग्रह असा, की अक्षर साधे ठेवून त्यावर बाण काढावा. लेखकाने प्रत्येक ठिकाणी ‘हे अक्षर ठळक करा’ असे लिहिले असेल, तर दोनशे जागा शोधण्यावाचून गत्यंतर नाही. सरसकट बदल करावा, तर सारणीसाठी वापरलेल्या ठळक अक्षरांवरही बाण चढतात. ‘चुंबकक्षेत्र’ असा मॅक्रो केलेला असेल, तर एकच ओळ बदलावी लागते. येथे नावाची निवड महत्त्वाची. नाव अर्थावरून ठेवावे, रूपावरून नव्हे. ‘ठळकअक्षर’ नावाचा मॅक्रो बाण काढू लागला की लेख छापून येतो खरा, पण पुढच्या वर्षी तो लेख स्वतः लेखकालाही उलगडत नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांचे लेटेक हा अशाच मॅक्रोंचा एक मोठा संच होय. त्याची मार्गदर्शिका १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. आज गणित आणि भौतिकशास्त्राचे बहुतेक लेखन लेटेकमध्ये होते. लेखकाने ‘येथे प्रमेय’, ‘येथे प्रकरण’ एवढे सांगावे. क्रमांक आपोआप पडतात. मध्येच एक नवे प्रमेय घातले तर सातव्याचे आठवे होते आणि मजकुरातले त्याचे उल्लेखही बदलतात. हाताने क्रमांक घालणाऱ्या पिढीला याचे मोल अधिक कळेल.

सोय असली तरी मॅक्रोला खाचखळगे आहेत. मॅक्रोच्या नावानंतरची मोकळी जागा टेक गिळून टाकते, कारण नाव कोठे संपले हे तिला त्या जागेवरूनच कळते. नवख्यांच्या लेखात शब्द एकमेकांना चिकटतात ते यामुळे. दुसरा धोका मोठा आहे. आधीच वापरात असलेल्या नावाची व्याख्या कोणी पुन्हा केली, तर मूळ टेक निमूटपणे जुना अर्थ पुसते. लेटेकची नवी नावे घडवण्याची आज्ञा येथे अधिक सावध आहे. ते नाव आधीचे असेल तर ती तक्रार करते. अनेक नियतकालिके लेखकांना खासगी मॅक्रो बेताने वापरावयास सांगतात, ते उगीच नव्हे. चार लेखकांनी एकाच नावाचे चार अर्थ केलेला निबंध जुळवताना संपादकीय विभागाची जी तारांबळ उडते, ती त्यांनाच ठाऊक.

अशा रीतीने एकाच्या मॅक्रोवर दुसऱ्याचा मॅक्रो आणि त्यावर तिसऱ्याचा निबंध उभा राहतो. तळाची आज्ञावली सदोष असेल, तर दोष वरपर्यंत जातो. म्हणून कनूथ यांनी दहा वर्षे आपल्या चुकांची वही ठेवली. १९८९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्धही केली. तीत साडेआठशेहून अधिक नोंदी आहेत. त्या रोजकिर्दीसारख्या क्रमाने लिहून ते थांबले नाहीत, तर खतावणीप्रमाणे पंधरा प्रकारांत त्यांची विभागणी केली: घोडचूक, विसर, अनपेक्षित परिणाम इत्यादी. प्रतिष्ठित विद्वानाने आपला असा हिशोब चारचौघांत मांडल्याची उदाहरणे थोडीच.

चूक दाखवणाऱ्यास बक्षीस होते. आरंभी ते दोन डॉलर छप्पन्न सेंट, म्हणजे २५६ सेंट. सोळा सोळे दोनशे छप्पन्न. सोळाच्या हिशोबाने हा एक डॉलर झाला. सोळा आण्यांचा रुपया ज्यांनी हाताळला आहे, त्यांना ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही. टेकमधील चुकीसाठी ही रक्कम दरवर्षी दुप्पट होत ३२७ डॉलर ६८ सेंटवर स्थिरावली. धनादेश मिळालेल्या अनेकांनी तो बँकेत न भरता चौकटीत लावला. २००८ मध्ये धनादेशांच्या गैरवापराच्या भीतीने कनूथ यांनी खरे धनादेश देणे थांबवले आणि एका काल्पनिक बेटावरील काल्पनिक बँकेच्या नावे प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. त्यांचीही हौस कमी झाली नाही.

टेकसाठी कनूथ यांनी कोणाकडून मोल घेतले नाही. तिची संपूर्ण संहिता १९८६ मध्ये पुस्तकरूपाने छापून मोकळी केली. किंमत त्यांनी दुसरीकडे मोजली. एका वर्षाच्या कामाला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. मूळ ग्रंथाच्या चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ मध्ये आला, तिसऱ्या खंडानंतर अडतीस वर्षांनी. दुसरा भाग २०२२ मध्ये निघाला.

१९९० मध्ये कनूथ यांनी जाहीर केले, की टेकमध्ये यापुढे नवी सोय घातली जाणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. प्रत्येक दुरुस्तीगणिक आवृत्तीच्या क्रमांकात वर्तुळाच्या परिघ-व्यास गुणोत्तराचा, म्हणजे ‘पाय’चा, आणखी एक अंक जोडला जातो. २०२१ मधील क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे. आपल्या निधनानंतर क्रमांक नेमका ‘पाय’ करावा आणि मग एकाही अक्षराला हात लावू नये, अशी त्यांची सूचना आहे. त्या दिवशी आज्ञावलीत ज्या चुका उरतील, त्या चुका न राहता तिची वैशिष्ट्ये मानल्या जातील.