जुन्या गाडीच्या इंजिनाला कोणता रंग? आधी मूळ रंग शोधा!

लोणावळ्याच्या पावसात बिडाच्या इंजिनावर गंज चढायला वेळ लागत नाही. त्यामुळे जुन्या गाडीच्या इंजिनाला रंग हवाच. प्रश्न आहे तो कोणता?

नारिंगीचा मोह
शेव्हरोलेचे नाव मावळाला नवे नाही. तळेगावात २००८ पासून या गाड्या बनत होत्या. २०२० अखेर उत्पादन थांबले. मुंबईत तर जनरल मोटर्सने १९२८ मध्येच जुळणी सुरू केली होती. या गाड्यांची ओळख ठरलेला नारिंगी रंग मात्र १९५५ च्या व्ही-८ इंजिनाचा. १९४० च्या दशकातील सहा सिलिंडरची इंजिने करडी असत. त्यांना नारिंगी फासणे म्हणजे गाडीचा इतिहासच बदलणे.

नियम काय?
२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातील गाडीच 'व्हिंटेज' ठरते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नोंदणी शुल्क २० हजार रुपये. रंग बदलला म्हणजे इंजिन बदलले असे नव्हे. पण जाड थराखाली इंजिन क्रमांक बुजला, तर इंजिन मूळचे आहे हे दाखवणार कसे?

काय करावे?
* खरवडण्याआधी ब्रॅकेटखाली, सांदीकोपऱ्यात जुना रंग शोधा, फोटो काढा.
* क्रमांकाची जागा झाकून घ्या.
* उष्णता सोसणारा रंगच वापरा.

हौसेचा रंग कधीही मारता येतो. खरवडून टाकलेला मूळ पुरावा परत मिळत नाही.