कपाट आपले, किल्ली कोणाची?

बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. नगरपालिका त्यास दरमहा 40 रुपये अनुदान देत असे. सभेच्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविल्याची नोंद धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. या गोष्टीला शंभर वर्षे उलटून गेली. आज येथील विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या आपल्या एखाद्या मुलीला त्या मासिकाचा अंक, वसतिगृहाचे हजेरीपत्रक किंवा नगरपालिकेचा ठराव पाहायचा झाला तर तिने कोणाचे दार ठोठवावे? चरित्रातल्या दोन ओळींवर प्रबंध उभा राहत नाही. त्याला मूळ कागद लागतो.

आपल्याकडे कागद नाही असे मुळीच नाही. बुधवार पेठेपासून तालुक्याच्या गावांपर्यंत लोखंडी ट्रंकांतून जलशाच्या वह्या, पँथरची पत्रके, धम्मदीक्षेच्या वेळचे फोटो आणि 1978 ते 1994 या नामांतराच्या सोळा वर्षांतली कोर्टाची समन्से पडून आहेत. घरातला म्हातारा माणूस गेला की ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या कागदपत्रांचे काय झाले? 1967 साली दिल्लीच्या 26, अलीपूर रोडवरील घरातून सामान बाहेर काढले गेले आणि कागद उघड्यावर पावसात भिजले, हे नानकचंद रत्तूंनी लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाची प्रकाशन समिती 1976 साली झाली, पहिला खंड 1979 साली आला. पुढे खंडांची छपाई एवढी रखडली की डिसेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ताबा ज्याच्याकडे, मर्जी त्याची, हा धडा यातून समाजाने घ्यायला हवा.

म्हणूनच आता 'आपला डिजिटल संग्रह करू या' अशी चर्चा ठिकठिकाणी होते, त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र चर्चा सुरू होताच एखादा विक्रेता लॅपटॉप घेऊन येतो, चकचकीत पडदा दाखवतो आणि वर्षाचे भाडे सांगतो. भाडे थकले की पडदा बंद. तुमच्या आजोबांची वही तुमचीच, पण ती ज्या साच्यात भरली तो साचा कंपनीचा. भाडेकरूने स्वखर्चाने घर बांधावे आणि मालकाने कुलूप लावावे, तसा हा व्यवहार आहे.

हे भय काल्पनिक नाही. नव्वदच्या दशकात आपल्या नियतकालिकांचे आणि स्मरणिकांचे डीटीपी झाले ते प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या फॉन्टवर. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आपल्या प्रेसपर्यंत ती पोचायला पुष्कळ वर्षे गेली. त्या काळातल्या फाइली आज उघडा, फॉन्ट नसेल तर पडद्यावर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो. 1920 सालच्या 'मूकनायक'चा जीर्ण अंक डोळ्यांनी वाचता येतो आणि 1995 सालची फ्लॉपी वाचता येत नाही! कुलूपबंद तंत्रज्ञानाने आपला शेजारचाच इतिहास असा मुका केला.

यावर उत्तर आहे ते ओपन सोर्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. मराठीत मोफत आणि मुक्त हे दोन शब्द निराळे आहेत हे बरेच आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना हा कायदेशीर दस्तऐवज असतो. त्यानुसार प्रोग्राम वापरण्याचा, आतून तपासण्याचा, बदलण्याचा आणि पुढे देण्याचा हक्क मिळतो. बनवणारा उद्या दुकान बंद करून गेला तरी हा हक्क जात नाही. केंद्र सरकारनेही 2015 साली आपल्या कार्यालयांसाठी ओपन सोर्सचे धोरण जाहीर केले.

पर्याय बरेच आहेत. एमआयटी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी 2002 साली आणलेले डीस्पेस सर्वांत परिचित. आपली मुले पीएच.डी.चे प्रबंध ज्या शोधगंगेवर जमा करतात ती डीस्पेसवरच चालते. पण त्याला सर्व्हर सांभाळणारा जाणता माणूस लागतो. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचे ग्रीनस्टोन युनेस्कोच्या सहकार्याने पसरले. त्यातला संग्रह सीडीवर घालून इंटरनेट नसलेल्या गावीही देता येतो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचे ओमेका 2008 पासूनचे, साध्या होस्टिंगवर चालणारे, फोटो, पत्रके आणि वह्यांसाठी सोयीचे. सोलापूरसारख्या ठिकाणी, जिथे पगारी तंत्रज्ञ ठेवणे परवडत नाही, तिथे सुरुवात ओमेकाने करावी असे आमचे मत आहे. नोंदी डब्लिन कोर या सर्वमान्य पद्धतीने ठेवल्या तर पुढे संग्रह वाढल्यावर त्या डीस्पेसमध्ये हलवता येतात. सॉफ्टवेअर निवडताना माल आत कसा जातो हे सगळेच दाखवतात. तो बाहेर कसा काढायचा, हे आधी विचारावे.

मुक्त म्हणजे फुकटात काम होईल, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. स्कॅनर, होस्टिंग, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती आणि मुख्य म्हणजे नोंदी करणारी माणसे, यांवर खर्च आहे. छापील मराठी मजकूर ओळखणारे टेसरॅक्ट हेही मुक्तच आहे, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत ते जोडाक्षरांशी अडखळते. तपासायला माणूस हवाच. आणि ही माणसे चळवळीतली हवीत. जुन्या कागदावर 'अस्पृश्य' किंवा 'डिप्रेस्ड क्लासेस' असेल तर तो शब्द तसाच राहील, पण शोधताना आजच्या मुलाला आजच्या शब्दाने ती नोंद सापडली पाहिजे. सोलापूर आणि शोलापूर, दोन्ही लिहिल्यावर तोच कागद पुढे आला पाहिजे. डेव्हीच्या वर्गीकरणात बुद्ध धम्म 294.3 या आकड्याखाली आणि हिंदू धर्म 294.5 खाली, दोन्ही एकाच घरात कोंबलेले. आपल्या संग्रहाची मांडणी आपण ठरवू शकतो, हा मुक्त सॉफ्टवेअरचा आम्हाला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

वकील म्हणून दोन गोष्टी सांगणे भाग आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 1 जानेवारी 2017 पासून कॉपीराइटमुक्त आहे. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. 'रिडल्स' 1987 साली आले, म्हणजे त्याची मुदत 2047 अखेरपर्यंत. शाहिरांच्या वह्यांवर वारसांचा हक्क असतो, तेव्हा ट्रंक हाती घेण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. दुसरे, अत्याचाराच्या खटल्यांचे कागद सरसकट खुले करू नयेत. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. अशा नोंदी बंद ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरावी.

बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतले तर करारात साध्या मराठीत लिहून घ्यावे की सर्व स्कॅन, नोंदी आणि पासवर्ड संस्थेच्या नावे राहतील आणि मागितल्यापासून पंधरा दिवसांत खुल्या स्वरूपात परत मिळतील. या अटीवर सही करायला जो काचकूच करील, त्याच्या हाती पहिली वहीसुद्धा देऊ नये.