‘ती गप्प का राहिली?’ हा प्रश्नच चुकीचा आहे

वस्तीतल्या किशोरी गटात मी कायद्याच्या माहितीबरोबर कादंबरीही नेते. त्यावर कार्यकर्त्या मैत्रिणींचा एक आक्षेप ठरलेला असतो : मुलींना कलमे सांगा, १०९८ हा नंबर पाठ करून घ्या, गोष्टी कसल्या वाचता? कादंबरी ही मध्यमवर्गीय चैन आहे. मला हे मुळातच मान्य नाही. तक्रार नोंदवण्याआधी मुलीला कुणाला तरी सांगावे लागते, आणि सांगायला ऐकणारे माणूस लागते. ते माणूस नुसत्या कलमांतून घडत नाही.

लॉरी हाल्स अँडरसन या अमेरिकन लेखिकेची ‘स्पीक’ ही कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी १९९९ साली आली. नववीतल्या मेलिंडावर सगळी शाळा चिडलेली आहे, कारण सुटीतल्या एका पार्टीतून तिने पोलिसांना फोन केला. का केला, हे कुणी विचारत नाही. जिवलग मैत्रीण पाठ फिरवते. मेलिंडाचे मार्क घसरतात, ओठ चावून रक्ताळतात, शाळेतल्या सफाई-सामानाच्या खोलीत ती लपून बसते. मोठ्यांना दिसते ती फक्त आळशी, हट्टी मुलगी. त्या पार्टीत वरच्या वर्गातल्या मुलाने तिच्यावर बलात्कार केला होता, हे वाचकालाही उशिरा कळते.

ही गोष्ट मी गटात मराठीतून, हप्त्याहप्त्याने सांगते. मुली सुरुवातीला म्हणतात, “नखरे आहेत नुसते.” खरे कळले की त्याच मुली मागचा एकेक प्रसंग आठवून त्याचा अर्थ नव्याने लावू लागतात. मग बोलणे आपोआप शेजारी येते : सारखे पोट दुखते म्हणणारी, शाळा मध्येच सोडलेली, एका नातेवाइकाकडे जायला नकार देणारी. मेलिंडाबद्दल बोलताना कुणालाही स्वतःची जखम उघडी करावी लागत नाही. कायद्याच्या पत्रकात ही सोय नसते.

गप्प बसण्याचा सोयीस्कर अर्थ लावणे आपल्याला नवे नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून तिची संमती गृहीत धरली गेली. चार कायदेतज्ज्ञांनी खुले पत्र लिहिले, १९८० मध्ये बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर अठरा वर्षांखालील मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळला की तो कळवणे बंधनकारक केले. पण ‘कळणे’ बंधनकारक कसे करणार? समोरच्या मुलीच्या वागण्यामागे काही असेल, हा विचार मनाला सवयीने शिकवावा लागतो.

दुसरा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका प्राध्यापकाने याच पुस्तकाला अश्लील ठरवले होते. लेखिकेवर स्वतःवर तेराव्या वर्षी बलात्कार झाला होता. ते तिने २०१९ च्या ‘शाउट’ या आत्मकथनात लिहिले आहे. आपल्याकडच्या शाळांतही ऐकू येते, “मुलींच्या डोक्यात नको ते भरता.” अहो, पुस्तक हातात पडण्याआधी कुणीतरी त्या मुलीच्या अंगाला हात लावून गेलेला असतो! त्याचे काय?

सहानुभूती म्हणजे कीव नव्हे. कादंबरीत मेलिंडा स्वच्छतागृहाच्या भिंतीवर त्या मुलाचे नाव लिहिते, त्याच्यापासून सावध राहा म्हणून. खाली इतर मुली आपापला अनुभव लिहितात. त्या भिंतीवर तिला पहिल्यांदा कळते, की ती एकटी नाही. संघटना म्हणजे दुसरे काय असते?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक किशोरी गटाच्या पेटीत पत्रकांसोबत अशी एक तरी कादंबरी असावी. ती मुलग्यांसमोरही वाचावी. जरब फक्त मुलींनीच ओळखायची, हे आता पुरे. वाचन घेणाऱ्या ताईने आधीच स्पष्ट सांगावे, की कुणी अत्याचाराबद्दल सांगितले तर कायद्याने ते कळवावे लागेल, पण तिला एकटी सोडणार नाही. ‘मौन तोडा’ ही घोषणा आपण मुलींना देतो. मैत्रिणींनो, ती आधी ऐकणाऱ्यांना द्यायला हवी.