उंचीवरचा गारवा, पायथ्याचे पाणी

अर्जेंटिनात रविवारी दुपारी मित्रमंडळी जेवायला जमली, की ते जेवण तासाभरात आटोपत नाही. निखाऱ्यांवर मांस भाजण्याचा ‘आसादो’ हाच मुळी काही तासांचा कार्यक्रम. आणि जेवणानंतर टेबलावरून न उठता गप्पा मारत बसण्याला स्पॅनिश भाषेत ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. या बैठकीत वर्षानुवर्षे मान राहिला तो तांबड्या वाइनचा. साधी वाइन सोडा मिसळून पिण्याचीही तेथे जुनी रीत आहे. गेल्या तीन दशकांत मात्र अँडीज पर्वताच्या उतारावर पिकणाऱ्या शार्डोने या पांढऱ्या वाइनने देशात आणि देशाबाहेर नाव मिळवले. हा केवळ अभिरुचीतील बदल नव्हे. त्यामागे बदलते हवामान आहे, आक्रसणारी बाजारपेठ आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याचा प्रश्न आहे.

शार्डोने हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधील बर्गंडीचे. स्वतःची चव फारशी न लादता जेथे पिकते त्या जमिनीचा आणि हवेचा गुण उचलणारे, अशी त्याची ख्याती. उष्ण प्रदेशात त्याची साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा ओसरतो. परिणामी वाइन जड, गोडसर आणि सुस्त होते. थंड हवेत तेच द्राक्ष सावकाश पिकते व त्यातील आम्ल टिकून राहते. निकोलास कातेना या उत्पादकाने हे हेरले आणि १९९२ मध्ये मेंदोसा प्रांतातील ग्वाल्तायारी येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मीटरवर ‘अ‍ॅड्रियाना’ हा मळा लावला. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा साधारण याच उंचीचा आहे. इतक्या थंडीत द्राक्षे पिकणारच नाहीत, अशी शंका तेव्हा जाणकारांनीही घेतली होती. पुढे याच मळ्यातील शार्डोनेची गणना जगातील उत्तम शार्डोनेंमध्ये होऊ लागली.

यामागील शास्त्र सोपे आहे. दर शंभर मीटर चढले की तापमान सुमारे ०.६ अंश सेल्सिअसने उतरते. मेंदोसा शहर साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे हा मळा शहरापेक्षा चार अंशांनी थंड. उंचीवर हवा विरळ असल्याने ऊन प्रखर लागते, अतिनील किरणांचा मारा वाढतो आणि द्राक्षाची साल जाड होते. रात्री मात्र कडाक्याचा गारठा पडतो. उष्ण रात्री फळातील मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते. थंड रात्री ते वाचते. दिवसा पिकायचे आणि रात्री आंबटपणा राखायचा, ही किमया उंचीची आहे.

या आंबटपणाला खरा अर्थ येतो तो जेवणाच्या टेबलावर. निखाऱ्यांवर भाजलेले चीज, मका वाटून पानात गुंडाळून शिजवलेली ‘उमिता’, सारणाच्या ‘एम्पानादा’ किंवा डोंगरी ओढ्यांतील ट्राउट मासा या पदार्थांतील स्निग्धता ही वाइन कापते आणि पुढच्या घासाला जीभ ताजी करते. दहा ते बारा अंशांवर दिलेली अशी शार्डोने एकट्याने चाखण्यापेक्षा चौघांत वाटून घेण्याजोगी आहे. ती जेवणावर कुरघोडी करत नाही, हाच तिचा गुण.

प्रश्न आहे तो असे टेबल किती काळ भरलेले राहील हा. १९७०च्या सुमारास अर्जेंटिनात दरडोई वार्षिक वाइनसेवन नव्वद लिटरच्या घरात होते. आज ते वीस लिटरच्याही खाली आहे. २०१३ मध्ये कायदा करून वाइनला ‘राष्ट्रीय पेय’ ठरवण्यात आले. तरी कायद्याने पेले भरत नाहीत. चित्र जगभर असेच आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मधील जागतिक सेवन सुमारे २१४ दशलक्ष हेक्टोलिटर, म्हणजे १९६१ नंतरचे सर्वांत कमी होते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. तेव्हा कमी प्यायचे, पण चांगले प्यायचे, हा कल वाढणे स्वाभाविकच. उंचीवरच्या महागड्या शार्डोनेला ही परिस्थिती अनुकूल ठरते. सपाटीवर साधी द्राक्षे पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याला नाही.

हवामानबदलाने हीच दरी आणखी रुंदावते आहे. खालचे मळे तापू लागले की भांडवल असलेला उत्पादक वर सरकतो. साल्ता प्रांतात तर ३,१११ मीटरवरही मळा आहे. पण उंची म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. शार्डोनेला लवकर अंकुर फुटतात, त्यामुळे उशिरा पडणारे हिमदव तिला हमखास गाठते. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस आलेल्या अशा थंडीने मेंदोसातील मळे होरपळले आणि २०२३ चा हंगाम विलक्षण तोकडा ठरला. शिवाय डोंगराला शेवटी माथा असतोच.

त्याहून मोठी मर्यादा पाण्याची आहे. मेंदोसात वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. प्रांत मूलतः वाळवंटी असून त्याचा चारेक टक्के भागच ओलिताखाली आहे. हे सारे ओलीत अँडीजच्या बर्फावर अवलंबून आहे. वार्पे या मूळ रहिवाशांनी स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच येथे पाट काढले होते आणि आजही शहरातील रस्त्यांच्या कडेने ‘आसेकिया’ वाहताना दिसतात. १८८४ च्या जलकायद्याने पाण्याचा हक्क जमिनीशी बांधला. मात्र २०१० पासून बर्फवृष्टी घटली आणि दीर्घ अवर्षण सुरू झाले. तुनुयान नदीच्या वरच्या खोऱ्यातील नवे मळे भूजल उपसून ठिबकवर जगतात. त्याच नदीच्या खालच्या खोऱ्यातील जुने मळे पाटाच्या पाळीची वाट पाहतात. वरच्यांनी पाणी अडवले की खाली काय उरते, याचे उदाहरण प्रांताच्या ईशान्य टोकाला आहे. मेंदोसा आणि सान हुआन नद्यांचे पाणी वर वळवले गेल्याने ग्वानाकाचेची सरोवरे विसाव्या शतकात आटली आणि त्यांच्या काठी मासेमारीवर जगणाऱ्या वार्पेंचा आधार गेला.

पाण्याबाबत मेंदोसाची जनता किती जागरूक आहे, हे डिसेंबर २०१९ मध्ये दिसले. खाणकामात सायनाइडसारखी रसायने वापरण्यास मनाई करणारा २००७ चा कायदा विधिमंडळाने शिथिल करताच हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच सरकारला माघार घ्यावी लागली.

हा पेच महाराष्ट्राला अपरिचित नाही. देशातील वाइन उद्योगाचे केंद्र असलेले नाशिक गोदावरीच्या वरच्या अंगाला, तर जायकवाडी खालच्या अंगाला. अवर्षणाच्या वर्षी वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून होणारा संघर्ष आणि २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व मराठी वाचकाला ठाऊक आहे. कायदा झाला म्हणून तंटा मिटत नाही, हेही त्याने पाहिले आहे.

उंचीवरची शार्डोने ही मानवी कल्पकतेची देणगी आहे, यात शंका नाही. परंतु तिचा गारवा पर्वताचा असला तरी तिचे पाणी साऱ्या खोऱ्याचे आहे. नव्या मळ्यांना परवानगी देताना भूजलाचा हिशेब आणि पाटाच्या शेवटच्या टोकाचा हक्क आधी पाहिला गेला, तरच या पेयाला उद्याही मित्रांसोबत निश्चिंत मनाने चाखता येईल. अन्यथा माथ्यावरचा मळा हिरवा आणि पायथा उजाड, असे चित्र उभे राहायला वेळ लागणार नाही.